मेस्त्रीची लाल रेघ

सोमवार, १ ऑक्टोबर १९५६

भिवाची गाडी आज चालू झाली! दोन वर्षं गॅरेजच्या मागच्या कोपऱ्यात विटांवर टेकून होती. लढाईआधीची शेव्हरले. भंगारातून आली तेव्हा मागच्या सीटमध्ये मांजर व्यालेली. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या पाच जणांनी मिळून घेतली आणि माझ्या गळ्यात बांधली — जागा माझी, मेहनत माझ्या फिटरची, भिवाची, दर रविवारी. हा हत्ती कधी हलणार म्हणून मी रोज कावायचो. आज इंजिन लागलं तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं मीच ओरडलो. शेजारचा वखारवाला बघायला आला, कोणाला लागलं की काय म्हणून.

मग हात पुसता पुसता भिवा म्हणाला, "मेस्त्री, दसऱ्याला ही नागपूरला न्यायची."

"नागपूर? अरे, दादरपर्यंत तर जाऊ दे आधी!"

हसला नाही. "दीक्षा घ्यायची हाय. बाबासाहेबांच्या हातून. आबा, रखमा, जयवंत, सगळीच जाणार."

आबा म्हणजे त्याचे वडील रामजी. रखमा बायको. जयवंत मेव्हणा, टॅक्सी चालवतो. मी "बरं" म्हटलं. ते बरं नीट निघालं नाही तोंडातून. त्याला कळलं असावं.

बुधवार, ३ ऑक्टोबर

जॅक लावून पुढची चाकं हलवून बघितली. टाय रॉड गेलेत. दोन्ही टोकांचे बॉल झिजून अंड्यासारखे झालेत. स्टिअरिंग इंचभर फिरवावं तेव्हा चाकाला जाग येते. असल्या गाडीनं कसारा घाट चढायचा म्हणजे मरायला निघणं.

जेवताना बायकोनं, शांतानं विचारलं, "ता टायरॉड म्हणजे काय ओ?" म्हटलं, पुढची दोन चाकं एका दिशेनं वळावीत म्हणून त्यांना जोडणारा दांडा. बैलांच्या मानेवरचं जू समज. त्याचं टोक निखळलं की एक चाक इकडे बघतं, एक तिकडे. आणि गाडी तिला वाटेल तिथं जाते. तिनं आमटी वाढली आणि म्हणाली, "मगे चांगलो घाला."

निवड करायची तर तीन वाटा आहेत. जयवंत म्हणतो ट्रकचा जाड रॉड कापून घालू, शिवडीला एकजण लेथवर करून देतो. म्हटलं, जाडी बघून काय करतोस? त्याचा बॉल आपल्या गाडीच्या भोकात बसत नाही. भोक मोठं करायचं म्हणजे चाकाचा हातच कमजोर करायचा. दुसरी वाट रे रोडच्या भंगारातली. तिथून अशाच गाडीची एक जोडी आणलीय, पण ती पण म्हातारीच. आणि तिसरी, माझ्या पेटीतली. अस्सल कंपनीची, मेणकागदात गुंडाळलेली. बाहेरून माल येणं बंद झालंय, त्याच्या आधीची. बाजारात आता शोधून मिळायची नाही. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या भोंग्याच्या गाडीसाठी ठेवली होती. ती पण शेव्हरलेच, याच सालची. पण तिला काही घाट चढायचा नाही.

भिवा म्हणाला, "मेस्त्री, बाकी सगळं मी केलं. स्टिअरिंग तेवढं तुमच्या हातचं पायजे."

हा आमच्या गॅरेजचा रिवाज. माझ्या उस्तादापासूनचा. स्टिअरिंग आणि ब्रेक, शेवटचा पाना मेस्त्रीचा. पाना मारला की नटावर आणि रॉडवर मिळून लाल रंगाची एक रेघ. नट हलला तर रेघ तुटते. आणि मेस्त्रीच्या रेघेवर दुसऱ्यानं पाना लावायचा नाही. लावला तर त्यानं गॅरेज सोडूनच जायचं! भिवा माझ्याकडे पोरगा होता तेव्हापासून हे पाळतोय.

"पेटीतली जोडी घालतो तुला," मी म्हटलं. त्याचं तोंड असं फुललं!

शुक्रवार, ५ ऑक्टोबर

घट बसले. समितीचे अण्णा गिरगावातून येऊन गेले. द्विभाषिकावर तासभर बोलले, घसा बसलाय. इथं उभी असलेली त्यांची भोंग्याची गाडी कधी हवी, विचारलं तर म्हणाले, "सावकाश करा. आम्ही कुठं पळतोय?"

मंगळवार, ९ ऑक्टोबर

लिहू नये असं वाटतंय. लिहितो.

सकाळी भिवाला म्हटलं, गुरुवारी पहाटे निघताय ना, मग उद्या हत्यारं धुऊन जा. शनिवारी खंडेनवमी. दरवर्षी तोच धुतो — रॉकेलनं पुसून, फडक्यावर ओळीनं मांडून देतो. मग मी हळदकुंकू लावतो, झेंडू वाहतो.

तो म्हणाला, "धुतो मेस्त्री, रोजच्यासारखी. पण पूजेसाठी म्हणून नको. आनि... तो परसाद पण या वक्ताला माझा ठेवू नका."

मी म्हणालो, "का रे? आमचा प्रसाद आता कडू झाला?"

"कडू नाय झाला. वरून पडतो."

एवढंच बोलला आणि कार्बोरेटर घेऊन बसला. रागानं पण नाही बोलला. रागानं बोलला असता तर मीही चार शब्द बोललो असतो आणि मोकळं झालं असतं. दिवसभर माझं डोकं तापलेलं. याला मी पाना धरायला शिकवला. माझ्याच जागेत याची गाडी उभी. माझ्याच हत्यारांना हा हात लावणार नाही पूजेला! आता देव सोडणार, उद्या मेस्त्री सोडेल. असले सगळे विचार. कोणी तंबाखू मागितली तरी खेकसत होतो.

दिवेलागणीला सगळे गेले. मी भिवाच्या गाडीखाली शिरलो. पेटी उघडली. मेणकागदातली जोडी हातात घेतली — आणि परत ठेवली. समितीचं काम आधी, असं मोठ्यानं म्हटलं. ऐकायला कोणी नव्हतं. रे रोडची जोडी घेतली. डावा ठीक होता. उजव्याचा बॉल झिजलेला. बॉलवरची टोपी कसली, ग्रीस ठासलं. ढिलाई दिसेनाशी झाली. वरून काळा रंग मारला. पाना मारला. लाल रेघ ओढली.

मग अण्णांच्या गाडीला नवी जोडी घातली. सावकाश करा म्हणाले होते. मी सगळं आजच केलं.

बुधवार, १० ऑक्टोबर

भिवानं विचारलं, "पेटीतली ना?" मी "हं" म्हटलं.

गुरुवार, ११ ऑक्टोबर

सांगायचं ठरवून उठलो. पहाटेच वरळीला गेलो. म्हटलं, थांबवतो, दोन तास दे म्हणतो, अण्णांच्या गाडीची जोडी काढून हिला घालतो. उशीर झाला तर झाला.

चाळीखाली ही गर्दी! गाडीला पताका, टपावर वळकट्या, डबे. पोरं हॉर्न वाजवतायत. रखमाच्या बोचक्यात नवी पांढरी लुगडी वरच दिसत होती. दीक्षेला नेसायची. रामजीआबांनी मला बघितलं आणि हात धरून वर नेलं. "मेस्त्री आले! मेस्त्रींना च्या आना!" त्यांच्या खोलीत मी या आधी कधी बसलो नव्हतो. इतक्या वर्षांत एकदाही नाही. दारातूनच हाक मारून यायचो. खोली माझ्या खोलीएवढीच आहे. चहा घेतला. चांगला होता, आलं घातलेला. घशाखाली उतरताना तोंडात शब्द जमवत होतो.

आबा बाकीच्यांना म्हणत होते, "घाटाची काय काळजी? मेस्त्रीचा हात लागलाय गाडीला."

तेव्हाच बोलायचं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "जपून जा."

खाली भिवा पाया पडला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. कसला हात आणि काय!

गाडी सुटली. पोरं मागून पळत गेली. मी तिथंच उभा. जयवंतनं खिडकीतून हात हलवला, मी पण हलवला.

संध्याकाळी दादर स्टेशनात गेलो. नाशिककडची गाडी पकडावी, घाटात गाठावं. फलाटावर पांढऱ्या कपड्यांतली माणसं, बाया, पोरं, भाकरीची गाठोडी — सगळी नागपूरला. डब्याच्या दारात हात धरायला जागा नाही. एका म्हातारीनं मला विचारलं, "तुमी बी जातायसा बाबा?" मी नाही म्हटलं. मग मनाशी म्हटलं, आता ते घाट चढून पण गेले असतील. आणि घरी आलो. किती चटकन पटलं मला ते!

शनिवार, १३ ऑक्टोबर

खंडेनवमी. हत्यारं मीच धुतली. भिवा बुधवारी धुऊन गेला होता, तरी परत धुतली. काही काम नव्हतं हातांना.

ज्या पान्यानं मंगळवारी नट कसला त्याच्यावर कुंकू लावायला बोट जाईना. तो एकटा बाजूला ठेवला. शांतानं बघितलं. "ह्येका कित्याक वगळलात?" गंजलाय, म्हटलं. गंज कुठे होता!

प्रसाद वाटला. दोन्ही फिटरांच्या हातावर ठेवला, बोटं लागली त्यांच्या हाताला. तेव्हा आठवलं. भिवाला मी कसा द्यायचो? तो ओंजळ पुढे करायचा आणि मी वीतभर वरून सोडायचो. आई द्यायची तसा. आई गेल्यावरही तसाच. मी कधी ठरवून केलं नव्हतं. म्हणजे दरवर्षी केलं. याच भिवानं जानेवारीत गोळीबार झाला तेव्हा माझं मानगूट धरून मला दुकानाच्या फळीखाली ओढलं होतं. माझ्या अंगावर आडवा पडला होता. तेव्हा नाही मध्ये वीतभर अंतर ठेवलं त्यानं.

हत्यारं फडक्यात बांधून देवापुढे ठेवली. उद्यापर्यंत हात लावायचा नाही.

दुपारी सीताराम आला, नाशिकचा माल आणणारा ट्रकवाला. पूजेचे पेढे खाता खाता म्हणाला, "मेस्त्री, परवा कसाऱ्यात एक जुनी मोटार बघितली. कठड्याला नाक लावून. चाक वाकडं. माणूस एक नाय दिसला आत."

"कोणती मोटार?"

"जुनी. तुमच्याकडं असतात तसली."

"रंग कसला?"

"रंग काय बघणार? वळण होतं. हात स्टिअरिंगला की डोळे मोटारीला?"

त्याला आणखी पेढे दिले. पुन्हा पुन्हा विचारलं. पताका होत्या का? वळकट्या? शेवटी तो चिडून उठला. म्हणाला, "तुमचं कोण होतं काय तिच्यात?"

रविवार, १४ ऑक्टोबर. दसरा.

सोनं वाटायला लोक आले. सगळ्यांना भेटलो. आज तिकडे दीक्षा. भिवा तिथं आहे का, हे मला माहीत नाही. आबा आहेत का? रखमा?

देवापुढे उभा राहिलो. काय मागणार? ज्याच्यावरून केलं त्याच्यापुढेच हात जोडायचे?

सोमवार, १५ ऑक्टोबर

पेपरात नागपूरचं आलंय. लाखो माणसं. घाटातल्या मोटारीचं काही नाही. चार वेळा वाचून काढला.

बुधवार, १७ ऑक्टोबर

राहवेना. गिरगावात अण्णांकडे गेलो. सभेची पत्रकं मोजत बसले होते. म्हटलं, अण्णा, तुमच्या गाडीला घातलेली जोडी मला परत हवी. दुसऱ्याला कबूल केली होती. त्याला लांब जायचं होतं.

अण्णांनी चष्मा वर केला. "मग त्यालाच द्यायची होती की! आमची गाडी ठाकुरद्वारहून लालबागेला जाते, ती पण मिरवणुकीच्या चालीनं. तिला दोरीनं बांधलं असतंत तरी चाललं असतं. मी तुम्हाला म्हणालो नव्हतो, सावकाश करा म्हणून?"

म्हणाले होते. तेच तर!

"कोण आहे तो?"

"भिवा. माझा फिटर."

"जानेवारीतला भिवा? अहो, मग विचारायला कशाला आलात? आत्ताच काढून न्या."

समितीचं काम, समितीचं काम म्हणत आठ दिवस स्वतःला थोपटत होतो. ते पण आज काढून घेतलं अण्णांनी. तिची जुनी जोडी परत घातली, नवी घेऊन आलो. मेणकागदात पुन्हा गुंडाळली. कोणासाठी गुंडाळतोय?

शनिवार, २० ऑक्टोबर

आले! सगळे आले!!

दुपारी हॉर्न ऐकला. तो हॉर्न मीच बसवलेला, झोपेत ओळखेन. हातातली वाटी पडली. धावत बाहेर गेलो तर गाडी दारात, धुळीनं पांढरी. आबा मागच्या सीटवर, रखमा, सगळी. मी एकेकाला मोजलं. जयवंतला मिठीच मारली. तो घाबरला बिचारा.

भिवा उतरला. पांढरा सदरा, दाढी वाढलेली. मला वाटलं वाकेल. वाकला नाही. हात जोडून "जयभीम" म्हणाला. मी पण "जयभीम" म्हटलं. जीभ अडखळली पण म्हटलं.

"गाडी कशी चालली?"

"पोचली मेस्त्री. गेली नि आली."

माझ्या डोळ्यांत बघून बोलला. दुसरं काही नाही. नागपूरचं मात्र सगळ्यांनी मिळून सांगितलं. एवढी माणसं, एवढा शिस्तीचा कारभार. आबा बोलता बोलता रडले. मी ऐकत होतो आणि आतून गार गार वाटत होतं. वाचलो! मी वाचलो, हे पहिलं आलं मनात. ती वाचली, हे मागून. असला माणूस आहे मी.

गाडी ठेवून जा म्हटलं, लांबचा प्रवास झालाय, नजर टाकतो. भिवानं चावी दिली.

रविवार, २१ ऑक्टोबर

सुट्टीचा दिवस. एकटाच गाडीखाली गेलो. म्हटलं, गुपचूप बदलून टाकू. कोणाला कळायचं कारण नाही.

उजव्या टोकाला तार गुंडाळलेली. तारेखाली ट्यूबच्या रबराची पट्टी. रबराखाली कापड — लुगड्याचा हिरवा काठ, फाडलेला, घट्ट पिळून बांधलेला. बॉल टोपीतून निम्मा बाहेर आलाय. त्या बांधण्यामुळे राहिलाय तो, नाहीतर घाटातच गेला असता.

आणि त्या सगळ्याच्या वर माझी लाल रेघ. अख्खी! नट कोणी हलवलेला नाही. टोपीला पाना लावलेला नाही. रेघेला धक्का लागू न देता त्यानं बाजूबाजूनं बांधलंय.

कठड्याला लागलेली मोटार तीच. आत माणूस दिसला नाही कारण बाकीचे उतरलेले असणार आणि भिवा खाली होता.

मी तसाच पडून राहिलो खाली. तारेला हात लावायची हिंमत झाली नाही. शांता डबा घेऊन आली, तिनं पाय बघितले आणि हाका मारल्या, तेव्हा निघालो.

मंगळवार, २३ ऑक्टोबर

रखमा शांताकडे आली होती. नागपूरहून संत्री आणलीत. ती गेल्यावर शांतानं जे सांगितलं ते असं.

कसाऱ्याला पहिल्या वळणावरच स्टिअरिंग सुटल्यासारखं झालं, गाडी कठड्याला लागली. सगळे उतरून बाजूच्या झाडाखाली बसले, भिवा खाली शिरला. बराच वेळ बाहेर येईना. मग रखमाला म्हणाला, तुझं जुनं लुगडं दे. तिनं दिलं. "तसं पन आता पांढरंच नेसायचं हुतं," असं ती हसत हसत शांताला म्हणाली. बांधून झाल्यावर भिवानं कोणालाच आत बसू दिलं नाही. पायी चढा म्हणाला. जयवंत म्हणाला मी चालवतो, रोज टॅक्सी चालवतो, तर त्याच्याशी भांडला. मी एकटाच नेणार. आबांना जयवंतनं पाठुंगळी घेतलं. भिवा एकटा गाडीत, पहिल्या गिअरमध्ये, दरीच्या बाजूनं. येताना पण तसंच.

आबांनी विचारलं, मेस्त्रीच्या कामात काय खोट निघाली काय? तर म्हणाला, "मेस्त्रीचं काम चोख हाय. बोजा जास्त झालाय, म्हनून."

शांतानं एवढं सांगितलं आणि संत्र्याची फोड हातात तशीच धरून माझ्याकडे बघत राहिली. "खरा सांगा. तुमी काय केलात?"

सांगितलं. प्रसादापासून पान्यापर्यंत सगळं. ती ओरडेल असं वाटलं होतं. तिनं फोड ताटलीत ठेवली.

"माका कित्याक सांगतास? जावन त्येका सांगा."

गुरुवार, २५ ऑक्टोबर

सांगितलं.

आधी मेणकागदातली जोडी घातली. आज दिवसाउजेडी, सगळ्यांसमोर. तार कापली, रबर सोडवलं, लुगड्याचा काठ नीट घडी करून ठेवला. झिजलेला रॉड काढून बाकावर ठेवला. सगळ्यांनी बघितला. दोन्ही रॉडची चारही टोकं बसवली, पिना घातल्या, पाना मारला, रेघा ओढल्या. रेघा सरळ आल्या.

मग भिवाला मागच्या कोपऱ्यात नेलं, जिथं ही गाडी दोन वर्षं उभी होती. म्हटलं, "भिवा, ती जोडी रे रोडची होती. मला माहीत होतं. चुकून नाही झालं."

तो फडक्यानं एकेक बोट पुसत होता.

"तू प्रसाद नको म्हणालास म्हणून केलं. समिती बिमिती काही नाही. राग आला म्हणून केलं. आबा बसणार, रखमा बसणार, हे माहीत असून केलं."

"कळलं होतं," तो म्हणाला.

"कधी?"

"गाडीखाली. ग्रीस एवढं कोन ठासतं? टोपी पिळलेली. तुमीच शिकवलंय, असली गाडी आली तर समजायचं, इकनाऱ्यानं फसवलंय."

"मग परत का नाही फिरलास? टोपी उघडून का नाही बघितलीस?"

"तुमची रेघ होती."

मला रडू आलं. तो थांबला माझं होईस्तोवर. हात पुढे केला नाही, दूर पण सरकला नाही. मग म्हणाला, "चाळीत कोनाला सांगितलं नाय मी. सांगनार पन नाय. आबा तुमचं नाव घेतात अजून."

मी म्हटलं, मला शिव्या दे. तो म्हणाला, काम पडलंय मेस्त्री, दोन गाड्या द्यायच्यात आज. आणि कामाला लागला. बरोबरच काम केलं दिवसभर. पाना मागितला, दिला. चहा आला तेव्हा माझ्या बाकावर माझ्याशेजारी बसून प्यायला. मला वाटलं, झालं. निभावलं. इतकं हलकं वाटतंय आज! रात्री पोटभर जेवलो.

शुक्रवार, २६ ऑक्टोबर

गाडी न्यायच्या आधी भिवा तिच्याखाली शिरला. मी समोर उभा होतो. त्यानं माझ्या लाल रेघेवर पाना लावला आणि जोर दिला. नट हलला नाही, नीट कसलेला होता. तरी त्यानं चारही तपासले.